एकशे सत्तावीस झाकणं

नेवेना रादुलोवाला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या पंचावन्नाव्या वर्षी. पळत होती तीही जिन्यावरून, वरच्या दिशेने, आणि पाठीवर धुण्याच्या चादरींची भली मोठी पिशवी. आमच्या रुग्णालयाची लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी आणि मी बसते तिसऱ्या मजल्यावर, आकडेवारीच्या खोलीत. दार ढकलून ती आत आली, पिशवी माझ्या टेबलावर, म्हणजे माझ्या कॉफीवरच, उपडी केली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली,

"पाव्लिना, बसली आहेस ना? बसूनच राहा. सापडलं!"

पिशवीतून चादरी नाही पडल्या. चॉकलेटच्या खोक्यांची झाकणं पडली. गुलाबांची, मांजराच्या पिल्लांची, सोनेरी घंटांची. टेबलावर मावेनात म्हणून जमिनीवर घरंगळली.

"नेवेना, वेड लागलंय का तुला? माझी कॉफी सांडली!"

"मरू दे तुझी कॉफी. उलटं करून बघ."

मी एक झाकण उलटं केलं. मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखलेला तक्ता होता. महिना, तारखा, सिस्टरांची नावं. मला दोन क्षण काही उमगलं नाही, आणि मग एकदम असं उमगलं की मीही उठून उभी राहिले.

पण आधी सांगते की ही बाई कोण.

नेवेना म्हणजे आमच्या गावच्या एका बोटवाल्याची मुलगी. डॅन्यूबवरून माल नेणाऱ्या तराफ्यांवर तिचा बाप होता, त्यामुळे आवाज असा की मेडिसिन वॉर्डातून हाक मारली तर तळघरातल्या धोबीखान्यात कळतं. विसाव्या वर्षी या वॉर्डात आली ती इथेच राहिली. शेवटची अकरा वर्षं वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. बुटकी, दोन चष्म्यांची; एक डोक्यावर, एक गळ्यात, आणि शोधत असते तिसराच. ती बसून जेवताना मी कधी पाहिलेली नाही. चीज भरलेली बनित्सासुद्धा उभ्याने खाते, त्या चुरचुरीत पदराचा चुरा सगळ्या ड्यूटीरूमभर सांडत.

आणि मी? मी दर महिन्याला राजधानीला, सोफियाला, तक्ता पाठवते. किती दाखल, किती बरे, किती दगावले. त्यात एक रकाना आहे: पडलेले रुग्ण. त्या रकान्यात मी अकरा वर्षं शून्य लिहीत आले. चौतीस खाटा, निम्मे लोक ऐंशीच्या पुढचे, फरशी ओली, न्हाणीघराला धरायला दांडा नाही, आणि पडलं कोण? कुणीच नाही! याचं कारण साधं आहे. आमच्याकडे रुग्ण पडला की पहिला प्रश्न 'लागलं का' असा येत नाही, 'ड्यूटीवर कोण होतं' असा येतो. पाठोपाठ दुसरं वाक्य: "स्पष्टीकरण लिहून द्या." ते स्पष्टीकरण तुमच्या फायलीत जातं आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत तिथेच बसून राहतं. म्हणून आमच्याकडे माणसं पडत नाहीत. ती 'अशक्तपणामुळे जमिनीवर बसलेली आढळतात'.

कूस बदलण्याच्या कागदाचंही तेच. पडून असलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी वळवायचं आणि सही करायची. सगळ्या सह्या पाळी सुरू होतानाच उरकलेल्या, एकाच पेनाने, एका रांगेत. कागदावर आमच्याइतके सुखी रुग्ण अख्ख्या बल्गेरियात नसतील. हे मला माहीत होतं का? होतं. उगाच भोळेपणाचं सोंग कशाला आणू?

तर या बाईने बावन्नाव्या वर्षी प्लेव्हेनला पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. एकाआड एक शनिवारी बसने जायची, मांडीवर वही, वहीवर सूर्यफुलाच्या बियांची सालं. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. विषय तिने ठरवून टाकलेला: पाळीला सिस्टर किती असल्या की रुग्णांचं काय करायचं राहून जातं, आणि सिस्टर नोकरी सोडून का जातात. प्राध्यापिका बाईंनी माझे तक्ते पाहिले आणि मनापासून म्हणाल्या, "अभिनंदन, सिस्टर! तुमच्या वॉर्डात अभ्यास करण्यासारखं काही राहूनच जात नाही."

परत आली ती थेट माझ्यावर. "तुझ्या शून्यांनी माझं तोंड बंद केलं!"

"माझी शून्यं? खालून तूच तर पाठवतेस, सही करून!"

चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी मीच बनित्सा घेऊन खाली गेले, कारण तिचं खरं होतं आणि माझंही.

पण हा प्रबंध नुसत्या पदवीसाठी नव्हता. दुपारच्या पाळीला चौतीस रुग्णांना दोन सिस्टर होत्या. कार्यालयातल्या छापील तक्त्यात तीन, प्रत्यक्षात दोन. त्या दोघींतली एक कालिना, सव्वीस वर्षांची. आमच्या वॉर्डात पन्नाशीच्या आतली ती एकटीच. तिने मार्चमध्येच सांगून टाकलं होतं, "ताई, ईस्टरनंतर मी तोंड गोड करणार." आमच्याकडे नवे बूट घेतले, परीक्षा पास झाली, नात झाली, काहीही झालं की माणूस चॉकलेटचं खोकं घेऊन सगळ्यांपुढे फिरतो. नोकरी सोडतानाही फिरतो. कालिनाचं खोकं म्हणजे ती जर्मनीला चालली. ती गेली की दुपारी एकच सिस्टर उरणार होती, आणि एका सिस्टरवर वॉर्ड चालत नाही, बंद होतो.

नेवेना चार वेळा संचालकांकडे जाऊन आली. डॉ. बोझिनोव वाईट माणूस नाही, थकलेला आहे. दर वेळी तो म्हणायचा, "सिस्टर, पुरावा आणा. लोक पगारासाठी जातात, तिसरी सिस्टर दिली म्हणून थांबत नाहीत. आणि तुमचेच आकडे बघा ना. कुणी पडत नाही, कुणाच्या पाठीला जखम होत नाही. म्हणजे दोघी पुरतात."

आता त्या झाकणांकडे येते. बरे होऊन घरी जाणारे रुग्ण सिस्टरांना चॉकलेटचं खोकं देतात, ही आमची जुनी रीत. चॉकलेटं दहा मिनिटांत संपतात, झाकण उरतं. नेवेना इन्चार्ज झाली तेव्हापासून महिन्याचा खरा ड्यूटीचा तक्ता झाकणाच्या मागे लिहायची, कारण पुठ्ठा फाटत नाही, टाचणी नीट बसते. छापील तक्ता तपासणीसाठी, झाकण कामासाठी. महिना संपला की झाकण बेडपॅनच्या कपाटामागे सरकवायचं. ईस्टरच्या साफसफाईला त्या दिवशी तिने कपाट पुढे ओढलं आणि अकरा वर्षं तिच्या पायावर कोसळली.

"किती आहेत?" मी विचारलं.

"तू मोज. आकडेबाई तू आहेस."

मोजली. एकशे सत्तावीस. पाच महिन्यांची हरवलेली. कुणीतरी गरम किटलीखाली घातली असणार. बाकी सगळं होतं: दुपारी तीन जणी होत्या ते महिने, दोन होत्या ते महिने, आणि जिचं नाव अचानक खोडलंय, त्या निघून गेलेल्या एकोणीस जणी.

"पण पडलेले कुठून आणायचे?" नेवेना खिडकीत बसकण मारून म्हणाली. चक्क बसली! "ते तर आपण कुठे लिहिलेच नाहीत."

आणि इथे, सांगायला मला अजून मजा वाटते, माझं डोकं चाललं. "एक्स-रे!" मी ओरडले. "अगं, न्यूमोनियाने दाखल झालेल्या म्हाताऱ्याच्या मनगटाचा एक्स-रे सहाव्या दिवशी कशाला काढतात? हौसेने?"

एक्स-रेची वही तळघरात होती, आणि तिथल्या तंत्रज्ञाला कुणाच्या फायलीशी देणंघेणं नव्हतं. त्याने सरळ लिहून ठेवलेलं: 'न्हाणीघरात पडली.' 'खाटेवरून उतरताना.' 'पाण्याचा ग्लास घ्यायला गेला.' ते शेवटचं नेवेनाने दोनदा वाचलं. पाण्याचा ग्लास. कुणी दिला असता तर?

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघी लग्नघरात असल्यासारख्या पळत होतो. दुपारी चारला माझं काम संपलं की झाकणं जमिनीवर मांडायची. तिघी असलेले महिने खिडकीकडे, दोघी असलेले दाराकडे. ती वहीतून तारीख वाचायची, मी झाकणावर मसुराएवढा लाल ठिपका द्यायची. तिसऱ्या दिवशीच दाराकडची बाजू गोवर आल्यासारखी दिसायला लागली. तिघींचे महिने एकतीस: त्यात ठिपके चार. दोघींचे शहाण्णव: ठिपके एकाहत्तर. मी तीनदा मोजले. महिने सारखे धरून भागाकार केला तरी पाचपटीच्या वर फरक! आयुष्यभर आकडे लिहिले, पण आकडा पाहून अंगावर काटा आला तो तेव्हाच.

आणि निघून गेलेल्या एकोणीस जणी? अठरा जणींची नावं दोघींच्या महिन्यांच्या लांबलचक रांगेनंतर खोडलेली.

मग फोन. लिंत्स, श्टुटगार्ट, थेसालोनिकी, एक तर आइसलँडला. सोळा जणींनी उचलला. नेवेना प्रश्न ठरवून बसली होती, पण तिला विचारावंच लागेना. सोडून गेलेल्या माणसाला स्पष्टीकरण लिहायची भीती नसते. दोरा नावाची मुलगी श्टुटगार्टहून म्हणाली, "पगार? पगाराचं मी आईला सांगितलं, ताई. तिला पटेल असं काहीतरी सांगायला हवं होतं ना. खरं सांगू? घरी जाताना बसमध्ये मला रोज आठवायचं, आज कुणाला वळवलं नाही, कुणाच्या तोंडात घास तसाच ठेवून पळाले. मला वाटायला लागलं की मीच वाईट सिस्टर आहे. इथे आल्यावर कळलं, मी वाईट नव्हते, एकटी होते."

नेवेनाने फोन ठेवला आणि डोळे पुसत हसली. "पाव्लिना, ऐकलंस? त्या पैशासाठी नाही गेल्या गं! त्यांना काम नीट करायचं होतं म्हणून गेल्या!"

सगळ्यात शेवटी लिंत्सच्या बिल्यानाचा फोन. चाळीस मिनिटं बोलली, हसली, रडली, आणि ठेवायच्या आधी म्हणाली, "ताई, एक विचारू? आमच्या सगळ्यांचं लिहिताय. पेना आजींचं लिहिणार का?"

नेवेनाचा चेहरा उतरला. मला काहीच माहीत नव्हतं. तेव्हा कळलं. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी दुसरी सिस्टर आली नाही म्हणून नेवेना स्वतः बिल्यानाबरोबर पाळीला उभी राहिली होती. पेना आजींना न्हाणीघरात नेलं, तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून कुणी ओरडलं, ही अर्धा मिनिट गेली. आजी पडल्या. नेवेनाने कागदावर 'अशक्तपणा' लिहिलं. तीन दिवसांनी कळलं, खुबा मोडला होता. एकाहत्तर ठिपक्यांपैकी एक तिचा स्वतःचा होता, आणि ती तारीखही तिने बाकीच्यांसारखीच वाचून दाखवली होती.

"लिहू नकोस," मी म्हणाले. "बाकी सत्तर पुरेत. हे लिहिलंस तर संचालक तुझी खुर्ची काढून घेईल, कदाचित नोकरीही. निवृत्तीला किती राहिलंय तुझ्या?"

"आणि बिल्यानाने खरं सांगायचं, दोराने सांगायचं, आणि मी कपाटामागे लपायचं?"

"शहाणपणा शिकवू नकोस मला!"

"तुला नाही गं. मला शिकवतेय."

दुसऱ्या दिवशी ती पेना आजींच्या घरी गेली, मलाही ओढत नेलं. आजी चालण्याच्या चौकटीला धरून अंगणात लसूण उपटत होत्या. नेवेनाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला काय माहीत नाही होय? पडले मी, तू नाही. तीन दिवस दुखतंय म्हणत होते, तेव्हा मात्र तू माझ्याकडे बघत नव्हतीस. त्याचा राग आला होता."

"अजून आहे?"

"आहे. थोडा आहे." मग लसणाची जुडी तिच्या हातात कोंबत, "लिहितेस तर नाव पूर्ण लिही. पेना स्तोयचेवा."

"अभ्यासात नाव लिहीत नाहीत, आजी."

"हात्तिच्या! मग मी पडले हे कुणाला कळायचं?"

ईस्टरच्या आदल्या सोमवारी सकाळी आठला बैठक. आमच्याकडे तिला 'पाच मिनिटं' म्हणतात आणि ती तासभर चालते. डॉक्टर सगळे, इन्चार्ज सिस्टर सगळ्या, भिंतीला टेकून मी. नेवेनाने टेबलावर कागद नाही ठेवले. आधी झाकणं मांडली. डॉक्टर लोक हसले. मग तिने ती उलटी केली, ठिपके वर आले, आणि हसू थांबलं. ती बोलत होती आणि मी मनातल्या मनात तिच्याबरोबर आकडे म्हणत होते. एकतीसला चार. शहाण्णवला एकाहत्तर. एकोणिसातल्या अठरा. शेवटी ती म्हणाली, "यातली एक दुपार माझी आहे. रुग्ण पडली, मी लपवलं. पहिल्या पानावर लिहिलंय."

डॉ. बोझिनोवने चष्मा काढला. "सिस्टर, तुम्ही इन्चार्ज आहात. अकरा वर्षं तुमच्या सहीने शून्य आलंय. स्पष्टीकरण लिहून द्या."

"लिहिलंय, साहेब. चौऱ्याऐंशी पानं आहेत. तुमच्यापुढेच ठेवतेय."

संचालक पानं चाळत राहिला. मग म्हणाला, "हे वाचलं की मला काहीतरी करावं लागणार, कळतंय ना तुम्हाला?"

"त्यासाठीच तर लिहिलं, साहेब."

ईस्टर झाला. लाल अंडी फुटली, कोझुनाकचे गोड पाव संपले, आणि मंगळवारी दुपारी एकला आदेश आला. मीच तो खाली घेऊन गेले, वाटेत वाचला, आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीवर मूठ आपटली. आदेशात दोन गोष्टी होत्या. मेडिसिन वॉर्डात दुपारच्या पाळीला उद्यापासून तीन सिस्टर, तीन महिन्यांसाठी. आकडे पाहून पुढे कायम करू. आणि घटना लपवल्याबद्दल सिस्टर रादुलोवा यांना इन्चार्ज पदावरून काढण्यात येत आहे. नवी भरती नसल्यामुळे तिसऱ्या सिस्टर त्याच.

ड्यूटीरूममध्ये नेवेना उभी, कालिना उभी, आणि कालिनाच्या खांद्यावरच्या पिशवीतून खोक्याचा कोपरा डोकावत होता. नेवेनाने आदेश वाचला. एकदा गळ्यातल्या चष्म्याने, एकदा डोक्यावरच्या. आणि किंचाळली. खाली धोबीखान्यात नक्की कळलं असणार.

"तिसरी दिली! पाव्लिना, तिसरी दिली!"

"अगं भवाने, तिसरी तूच आहेस! पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा बेडपॅन उचलायला लावलंय तुला!"

"मग काय झालं? मोज की. तीन होतात का नाही?"

मला तिला मिठी मारावी की बदडावं ते कळेना. तिला ना खुर्चीचं दुःख, ना अपमानाचं. ती आत्ताच एप्रन चढवत होती, आदेशात 'उद्यापासून' लिहिलेलं असताना.

कालिना मात्र जागची हलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "ताई, तिसऱ्या म्हणजे तुम्ही खरंच असणार का? की कागदावर?"

नेवेनाने घड्याळात पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं. कालिनाचा हात धरून तिला सहा नंबरच्या खाटेपाशी नेलं, जिथे एक आजोबा सकाळपासून एकाच कुशीवर पडून होते.

"तू खांद्याकडून धर, मी कमरेकडून. घाई करू नकोस. आजोबा, वळवतोय हं तुम्हाला."

"दोघीजणी?" आजोबा म्हणाले. "मी मरतोय की काय?"

दुसरी सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन शांतपणे पुढच्या खोलीत गेली. कुणी कुणाला हाका मारत नव्हतं. कालिनाने आजोबांच्या पाठीला तेल लावलं, उशी नीट केली, कागद उचलला आणि वळवून झाल्यावर, एकाच रकान्यात, एकच सही केली. "मी जूनपर्यंत बघून ठरवते," ती नेवेनाला म्हणाली आणि पिशवी कपाटात ठेवून आली. मी दारात उभी राहून हमसून हमसून रडत होते, आणि नेवेना माझ्यावर खेकसत होती की वाटेतून बाजूला हो, अजून तेहतीस खाटा आहेत.